पोटातल्या बाळाच्या आतड्यात ब्लॉक निघाला तर: सोनोग्राफीपासून बाळ घरी येईपर्यंत काय काय करायचं

आमच्या लेकीचं निदान ती पोटात असताना २९व्या आठवड्यात झालं. त्याआधी दोन-तीन आठवडे जो तो मला जुळं आहे का विचारत होता, ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या एक काकू तर रोज न चुकता. पोट खरंच फार मोठं दिसत होतं आणि रात्री आडवं झालं की दम लागायचा. एका सोनोग्राफीवाल्यांनी "पाणी थोडं जास्त आहे, जरा कमी पाणी पीत जा" असं सांगून घरी पाठवलं, आणि मी येडी आठवडाभर ऐरोलीच्या उन्हाळ्यात घोट घोट पाणी पीत बसले. आईने पाणी कमी प्यायल्याने पोटातलं वाढलेलं पाणी उतरत नाही हे नंतर कळलं. दुसऱ्या ठिकाणी स्कॅन केला तेव्हा डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, बाळाच्या पोटात शेजारी शेजारी दोन काळे फुगे दिसत होते.

लेक आता चार वर्षांची आहे आणि काल रात्री तिने दोन वाट्या वरणभात खाल्लाय, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचाल. ओळखीतून अशा आयांचे फोन येतात तेव्हा जे तोंडी सांगते तेच इथे एकदा लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे औषधं आणि डोस तुमच्या डॉक्टरांचे, बाकीची धावपळ माझी. आणि सगळ्या धावपळीत एकच गोष्ट महत्त्वाची ठरली, ती म्हणजे निदान जन्माआधी झाल्यामुळे हातात वेळ होता आणि त्या वेळात बाळ कुठे जन्माला येणार हे आम्हाला ठरवता आलं.

आधी रिपोर्ट नीट समजून घ्या

बाळ पोटात असताना आजूबाजूचं पाणी सतत गिळत असतं आणि ते आतड्यातून शोषलं जातं. रस्ता बंद असेल तर पाणी पुढे जात नाही, वर साठतं आणि पिशवीतलं पाणी वाढत जातं. ब्लॉक जितका वर, तितकं पाणी जास्त. रिपोर्टमध्ये एएफआय नावाचा आकडा असतो, तो २४-२५ च्या वर गेला की पॉलीहायड्रॅम्नियोस म्हणजे पाणी जास्त असं लिहितात. पण पाणी वाढायचं कारण दर वेळी आतडंच असतं असं नाही, आईची शुगर हेही मोठं कारण आहे, त्यामुळे ग्लुकोज पिऊन करायची शुगर टेस्ट झाली नसेल तर ती आधी उरकून टाका.

त्या दोन काळ्या फुग्यांना डबल बबल म्हणतात, जठर एक फुगा आणि त्याच्या पुढचा आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, हा दुसरा. तो पुढे बंद असला की त्याला ड्युओडेनल अट्रेसिया म्हणतात, साधारण पाच ते दहा हजार बाळांत एकाला होतो. दोनच्या ऐवजी खूप सारी फुगलेली वेटोळी दिसत असतील तर ब्लॉक खाली, लहान आतड्याच्या पुढच्या भागांत म्हणजे जेजुनम किंवा इलियममध्ये असू शकतो, त्याचा हिशोब थोडा वेगळा आहे, खाली येतंच. आणि "अ‍ॅनोमली स्कॅन नॉर्मल होता मग आता कसं निघालं, त्यांनी चुकवलं का" हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आमच्या घरी तर भांडणच झालं यावरून. १८-२० आठवड्यांना बाळ एवढं पाणी गिळत नसतं त्यामुळे फुगे बऱ्याचदा २४ आठवड्यांनंतरच दिसायला लागतात, तेव्हा अ‍ॅनोमली स्कॅन करणाऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही. माझ्या त्या पाणी-कमी-प्या वाल्यांवर मात्र मी अजून चिडलेली आहे.

आता घरच्यांसाठी. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, स्कूटरवरून ऑफिसला गेली, हे सगळं माझ्या वाट्याला आलं. ड्युओडेनम गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आतून भरीव होतं आणि मग पुन्हा पोकळ होतं, ते पोकळ होणं अर्धवट राहिलं की ब्लॉक. म्हणजे हे घडतं तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. खालच्या आतड्याचं कारण बहुतेक वेळा रक्तपुरवठा तुटणं, हे १९५५ साली केपटाऊनमध्ये लो आणि बर्नार्ड या दोघांनी कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं, आणि हा बर्नार्ड म्हणजे ज्याने पुढे १९६७ मध्ये जगातलं पहिलं माणसाचं हृदय प्रत्यारोपण केलं तोच. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना पिल्लांचं वाईट वाटलं, पण पपईचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

पुढच्या टेस्ट, आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणती

पहिलं काम म्हणजे फीटल मेडिसिनवाल्या, म्हणजे पोटातल्या बाळांचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांकडून सविस्तर स्कॅन. दुसरं, बाळाच्या हृदयाचा इको, कारण ड्युओडेनल अट्रेसियाबरोबर हृदयाचा दोष बऱ्याच बाळांत सापडतो आणि ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असणं फार गरजेचं.

तिसरं अवघड. ड्युओडेनल अट्रेसिया असलेल्या बाळांपैकी साधारण ३० टक्के बाळांना डाऊन सिंड्रोम असतो. डॉक्टर हे एका वाक्यात सांगतात आणि आपलं पुढचं काही कानात शिरतच नाही, म्हणून दोघांनी जा आणि एकाने लिहून घ्या. खात्रीची टेस्ट अम्नियोसेंटेसिस, पोटातून बारीक सुई घालून थोडं पाणी काढतात, इंजेक्शनइतकंच दुखतं, भीती जास्त वाटते. फिश नावाचा झटपट रिपोर्ट साधारण तीन-चार दिवसांत येतो, पूर्ण कॅरिओटाइपला म्हणजे सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला दोन-तीन आठवडे लागतात. आईच्या रक्तावरची एनआयपीटी ही चाळणी आहे, ती पक्कं उत्तर देत नाही, त्यामुळे स्कॅनमध्ये दोष दिसलेला असताना नुसत्या एनआयपीटीवर थांबू नका. आणि मुलगा की मुलगी हे यातून कोणी सांगणार नाही, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, तेव्हा फॉर्म भरा, आधार कार्ड द्या आणि तो विषय काढू नका.

ब्लॉक खालचा असेल तर डाऊन सिंड्रोमची शक्यता बरीच कमी असते, पण सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची टेस्ट करायची का हे विचारा. या बाळांत आतडं एकापेक्षा जास्त ठिकाणी बंद असू शकतं आणि किती आतडं शाबूत आहे हे पोट उघडल्यावरच नक्की कळतं.

कोणी टेस्ट करून पुढचा निर्णय वेगळा घेतो, कोणी टेस्टच करत नाही, दोन्ही घरं मी पाहिलीत आणि दोन्हीकडे त्यांचं त्यांचं कारण होतं. कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा की २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांच्या पुढे गर्भपाताचा प्रश्न सरकारी मेडिकल बोर्डाकडे जातो आणि बाळात गंभीर दोष आहे असं बोर्डाने म्हटलं तरच परवानगी मिळते. नुसता ड्युओडेनल अट्रेसिया हा ऑपरेशनने बरा होणारा आजार आहे, चांगल्या सेंटरला ९० टक्क्यांच्या वर बाळं वाचतात, हेही त्याच वेळी विचारून घ्या कारण घाबरलेल्या माणसाला ते आपणहून सांगायचं राहून जातं.

कुठे जन्माला यायचं

यावर मी सगळ्यात जास्त बोलते. आपल्याकडे नाव नोंदवलेलं नर्सिंग होम घराजवळ असतं, डॉक्टर ओळखीच्या असतात, आणि वाटतं डिलिव्हरी इथे करू आणि बाळाला मग ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलला हलवू. नको. काही तासांचं बाळ, पोटात नळी, सलाइन, आणि ऐरोली ब्रिज किंवा घोडबंदरचं ट्रॅफिक, वर आई इकडे टाके घेऊन पडलेली आणि बाप तिकडे सह्या करतोय. बाळाला हलवायची सगळ्यात चांगली ॲम्ब्युलन्स म्हणजे आईचं पोट. एका छताखाली डिलिव्हरी, एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू आणि पीडियाट्रिक सर्जन म्हणजे लहान मुलांचे सर्जन असतील, किंवा निदान शेजारशेजारच्या बिल्डिंगमध्ये तरी असतील, तिथे नाव घाला.

हॉस्पिटलमध्ये जाऊन "तुमच्याकडे सोय आहे का" असं विचारलं की रिसेप्शनवरून हो येतंच. त्यापेक्षा असं विचारा: पीडियाट्रिक सर्जन इथलेच आहेत की बोलावल्यावर येतात, रविवारी आणि रात्री कोण असतं, नवजात बाळांना भूल देणारे डॉक्टर आहेत का, टीपीएन म्हणजे शिरेतून द्यायचं जेवण इथे मिळतं का, गेल्या वर्षभरात अशी किती ऑपरेशनं केलीत, आणि आईला एनआयसीयूत कितीदा जाऊ देतात. पीडियाट्रिशियन आणि पीडियाट्रिक सर्जन हे वेगवेगळे डॉक्टर असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. एका ठिकाणी मला "आमचे जनरल सर्जन करतील ना" असं उत्तर मिळालं, मी थँक्यू म्हणून बाहेर आले.

ठाणे आणि नवी मुंबईत मोठी प्रायव्हेट हॉस्पिटलं आहेत, नेरुळ-कामोठ्याकडे मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आहेत, कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, सगळीकडे वरचेच प्रश्न. आणि परळचं वाडिया, केईएम, नाहीतर सायन हॉस्पिटल, इथे लहान मुलांच्या सर्जरीचे जुने विभाग आहेत, गर्दी आहे, बाकावर बसावं लागतं, पण अशी बाळं त्यांच्या रोजच्या बघण्यातली. आम्ही परळ गाठलं. डिलिव्हरीच्या आधीच सर्जनची अपॉइंटमेंट घ्या. आमच्या सर्जननी कागदावर पेनाने आतडं काढून दाखवलं, वरचा फुगलेला भाग, खालचा बारीक भाग, दोन्हीला चीर द्यायची आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात जोडायचं, किमुरा नावाच्या जपानी सर्जनची पद्धत. तो कागद मी अजून फाइलमध्ये ठेवलाय, त्या कागदाने मला जितका धीर दिला तितका कोणाच्या "सगळं ठीक होईल"ने नाही दिला.

पैशाचं थोडक्यात. कंपनीची मेडिक्लेम असेल तर एचआरला आत्ताच मेल टाका, बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, जन्मजात आजार धरतात का आणि बाळाचं नाव किती दिवसांत घालावं लागतं, उत्तर लेखीच घ्या, फोनवरचं हो कामाला येत नाही. वैयक्तिक पॉलिसीत नवजात बाळाला बऱ्याचदा ९० दिवसांनंतरच घेतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्डावरचं नाव, आधार वगैरे डिलिव्हरीच्या आधीच तपासा, योजनेचे आरोग्यमित्र हॉस्पिटलमध्येच बसतात. प्रायव्हेटला एस्टिमेट मागताना ऑपरेशनचा आकडा एकटा बघू नका, एनआयसीयूचा रोजचा आणि टीपीएनचा रोजचा वेगळा मागा, बिल दिवसांवर फुगतं.

शेवटचे आठवडे

पाणी जास्त असल्यामुळे पोट ताणलेलं असतं आणि दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात, त्यामुळे बॅग ३२व्या आठवड्यालाच भरून ठेवा. पाणी फारच वाढलं आणि श्वास घेता येईना तर सुईने थोडं काढून टाकतात. लवकर डिलिव्हरीची शक्यता वाटली तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण विचारून ठेवा. नुसत्या या आजारासाठी सिझर लागत नाही, नॉर्मल होऊ शकते.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. पाणी जास्त असताना पिशवी अचानक फुटली तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली सरकू शकते, ती दाबली जाऊन बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. त्यामुळे पाणी गेलं तर आंघोळ, केस विंचरणं, आईला फोन, हे सगळं सोडून डाव्या कुशीवर आडवं व्हायचं आणि तसंच आडवं गाडीतून निघायचं.

आमची तारीख जुलैची. पहिल्या मोठ्या पावसात सायन आणि हिंदमाताला पाणी तुंबून काय होतं ते मी सांगायला नको. म्हणून ३५व्या आठवड्यात आम्ही लालबागला आत्येसासूबाईंच्या चाळीत मुक्काम हलवला, दीड खोलीत पाच माणसं, पण हॉस्पिटल टॅक्सीने दहा मिनिटांवर. तुमचं कोणी नसेल तर निदान रात्री आणि सकाळी साडेआठला एकेकदा रस्ता मोजून ठेवा. उलवे-पनवेलवाल्यांना आता अटल सेतूने शिवडीला उतरता येतं, तो रस्ताही बघून ठेवा.

जन्म झाल्यावर

बाळाला तोंडाने काही म्हणजे काहीही द्यायचं नाही. मधाचं बोट नाही, गुटी नाही, ग्लुकोजचं पाणी नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण आमच्याकडे मामी चांदीच्या वाटीत मध घेऊन आल्या होत्या, प्रेमानेच, आणि नवऱ्याला एनआयसीयूच्या दारात आडवं उभं राहावं लागलं. शी झाली म्हणजे रस्ता मोकळा आहे असंही समजू नका, वरचा ब्लॉक असलेल्या बाळालासुद्धा काळी शी होऊ शकते.

जन्मल्यावर पोटात नळी घालतात आणि साठलेलं बाहेर काढतात, सलाइन लावतात, उबेत ठेवतात. एक्सरे काढला की तेच दोन फुगे हवेने भरलेले दिसतात. बाळ स्थिर असेल तर ऑपरेशन धावत-पळत करत नाहीत, आधी रक्त, इको वगैरे होऊन एक-दोन दिवसांत करतात, तेव्हा "अजून का नेत नाहीत" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. घाई असते ती आतड्याला पीळ बसल्याचा संशय असेल तेव्हा, त्यात तास मोजतात.

ऑपरेशनला आमच्याकडे अडीच तास लागले. खरी परीक्षा त्यानंतरच्या दिवसांची आहे, कारण जोडलेलं आतडं लगेच चालायला लागत नाही. इतके महिने फुगून राहिलेला वरचा भाग सुस्तावलेला असतो, साठलेलं नळीतून पिशवीत येत राहतं आणि बाळाचं पोषण शिरेतल्या बारीक लाइनमधून टीपीएनवर चालतं. पहिल्या दिवशी पिशवीत शिजवलेल्या पालकाच्या पाण्यासारखं गडद हिरवं. मी अकाउंट्सवाली, मला आकडे लागतात, तर आत्येसासूबाईंच्या कालनिर्णयवर ज्या चौकटीत त्या दुधाच्या पिशव्यांचा हिशोब लिहायच्या त्याच चौकटीत मी खाली बारीक अक्षरात बाळाचे मिलीलिटर लिहायला लागले: ४८, ५१, ४०, ४४, २६. मधेच वाढलं की पोटात गोळा. सिस्टरनी सांगितलं की आकड्याबरोबर रंग पण बघा, हिरव्याचं पिवळट आणि पिवळटाचं पाण्यासारखं झालं की आतडं चाललं. आमचं नवव्या दिवशी झालं, कोणाचं पाचव्या, कोणाचं पंधराव्या दिवशी होतं, शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. पाचवी आम्ही एनआयसीयूच्या बाहेरच्या बाकावर मनातल्या मनात पुजली.

या दिवसांत आईचं काम एकच, दूध काढत राहणं. बाळ पीत नाही म्हणून दूध आटू द्यायचं नाही, पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करा आणि मग दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, रात्रीचा एक तरी धरून. पहिल्यांदा माझ्या वाटीच्या तळाला फक्त ओल आली होती, मी रडले, सिस्टर म्हणाल्या हीच कापसाने बाळाच्या गालाला आतून लावू, आणि लावली. अर्थात ते डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आमच्या एनआयसीयूचा नियम असा होता की बाहेर चार तास, फ्रिजमध्ये २४ तास, त्यापुढचं डीप फ्रीझरमध्ये, डब्यावर "बेबी ऑफ" करून आईचं नाव, तारीख आणि वेळ. तुमच्या एनआयसीयूचा नियम विचारा. दूध खरंच कमी पडलं तर पावडरच्या आधी मिल्क बँकेचं विचारा, सायन हॉस्पिटलला १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, तेव्हा मुंबईला ही गोष्ट नवीन नाही. मग एक दिवस सिस्टर दोन मिली दूध मागायला आल्या. दोन मिली. त्या दिवशी कालनिर्णयवर पहिल्यांदा बाहेर आलेल्याऐवजी आत गेलेलं लिहिलं.

घरी आल्यावर

आम्ही २३व्या दिवशी सुटलो. निघताना डिस्चार्ज समरीच्या तीन कॉपी, ऑपरेशन नोट आणि एक्सरे मागून घ्या. जन्माच्या वेळच्या लशी राहिल्यात का ते विचारा, पोलिओचे थेंब तोंडाने असतात म्हणून ते बऱ्याचदा राहतात. वजन पहिले काही महिने नियमित, एकाच काट्यावर. थोडं थोडं आणि सारखं पाजा, ढेकर काढा, दूध बाहेर टाकलं तर लगेच घाबरू नका, पांढरं किंवा दह्यासारखं टाकणं ही बाळांची सवयच असते.

हिरवं मात्र नाही. ऑपरेशन झालेल्या पोटात नंतर कधीही, वर्षांनीसुद्धा, आतडं चिकटून अडकू शकतं. म्हणून आमच्या फ्रिजवर कागद चिकटवलाय: हिरवी उलटी, फुगलेलं कडक पोट, शी-गॅस बंद, यातलं काहीही झालं तर खाणंपिणं बंद, घरगुती उपाय नाही, फाइल उचलायची आणि निघायचं. पाळणाघरातल्या ताईंना मी त्याचीच झेरॉक्स दिली तेव्हा त्यांनी विचारलं, "हिरवी म्हणजे नेमकी कशी हो, पिवळसर चालेल का?" मी मोबाइल काढून पहिल्या दिवशीच्या त्या पिशवीचा फोटो दाखवला. तो मी अजून डिलीट केलेला नाही.